मधुमेह ‘घराण्यात’ असतो म्हणजे नेमके काय? जनुके, गर्भातील दिवस आणि शरीराचे वय

‘डॉक्टर, आमच्या घराण्यातच शुगर आहे, त्यामुळे मला होणारच.’ हे वाक्य कोणत्याही फॅमिली डॉक्टरला आठवड्यातून चार वेळा तरी ऐकावे लागते. दुसरे वाक्य याच्या अगदी उलट असते: ‘आमच्या घरात कोणालाच नाही, मी बारीक आहे, मग मला चाळिशीच्या आतच कसा झाला?’ दोन्ही वाक्यांमागे एकच समजूत आहे. आईवडिलांकडून जनुके मिळतात, पुढचे आपल्या खाण्यापिण्यावर अवलंबून असते, एवढेच दोन घटक आपण धरतो. प्रत्यक्षात तिसरा एक घटक आहे आणि तो फारसा मोजला जात नाही. आईच्या पोटातील नऊ महिने आणि त्यानंतरची पहिली दोन वर्षे, असे साधारण एक हजार दिवस. या काळात शरीराची जी बांधणी होते, तिच्यावर पन्नाशीतले हृदय, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड बऱ्याच अंशी उभे असते.

जनुकांचा वाटा किती?

माणसाच्या पेशीत प्रथिने बनवण्याच्या सूचना देणारी सुमारे वीस हजार जनुके असतात. काही आजारांत एकाच जनुकातील बिघाड पुरेसा असतो. सिकलसेल आणि थॅलेसेमिया ही आपल्याकडची ओळखीची उदाहरणे. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तर आजार होतो, तिथे आहार-व्यायामाने तो टळत नाही. म्हणूनच लग्नापूर्वी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला या तपासण्या करण्याचा आग्रह धरला जातो.

प्रौढपणी होणारा मधुमेह, म्हणजे टाइप २, तसा नाही. त्याच्याशी संबंधित जनुकीय फरक शेकडो आहेत आणि त्यातला प्रत्येक जण धोका थोडासा पुढे ढकलतो. सर्वांत परिणामकारक समजल्या जाणाऱ्या नेहमीच्या फरकांपैकी एक, टीसीएफ७एल२ या जनुकातला, त्याची एक प्रत असेल तर धोका साधारण चाळीस टक्क्यांनी वाढतो. ऐकायला मोठे वाटते, पण शंभरातल्या दहा जणांना जो आजार होणार होता तो चौदा जणांना होईल, इतकाच त्याचा अर्थ. उरलेल्या शहाऐंशी जणांकडे तेच जनुक असूनही आजार नसतो.

आयुर्मानाचेही असेच. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या नोंदींवरून १९९६ साली एक हिशेब मांडला गेला. लोकांच्या आयुर्मानात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे पाव हिस्सा वारशाने समजावता येतो, असे त्यात दिसले. हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. ‘माझ्या आयुष्याचा पाव भाग जनुकांच्या हाती’ असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांतील फरकाचा तो पाव भाग आहे, एका माणसाच्या आयुष्याचा नव्हे.

आणखी एक गोष्ट. कुटुंबाकडून फक्त जनुके मिळत नाहीत. चहातली साखर, रात्री दहाचे जेवण, तेलाचा हात, व्यायामाला वेळ नसणे, हेही एका पिढीकडून दुसरीकडे जाते. ‘घराण्यात आहे’ असे म्हणताना आपण स्वयंपाकघराचा वारसाही जनुकांच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

हर्टफर्डशायरच्या वह्या

गर्भावस्थेचा विचार वैद्यकशास्त्रात गंभीरपणे सुरू झाला तो इंग्लंडमधील काही जुन्या वह्यांमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हर्टफर्डशायर या परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन लिहून ठेवले जात असे. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी शोधून काढल्या आणि १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचे पुढे काय झाले ते पाहिले. १९८९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वाधिक होते.

तेव्हा अनेक डॉक्टरांना हे पटले नाही. हृदयविकार म्हणजे सिगारेट, तूप आणि ताण, असेच सगळे शिकले होते. पण पुढे निरनिराळ्या देशांत असेच दिसत गेले, आणि मधुमेह व रक्तदाबाच्या बाबतीतही.

असे का व्हावे? पोटातल्या बाळाला पोषण कमी पडले तर ते सगळीकडे सारखी काटकसर करत नाही. मेंदूला आधी पुरवठा होतो. स्नायू, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला उरलेले येते. नंतर भरपूर खाल्ले तरी काही गोष्टी भरून निघत नाहीत, कारण त्या घडण्याची मुदत संपलेली असते.

मूत्रपिंडाचे उदाहरण यात सर्वांत स्पष्ट आहे. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात, पण माणसागणिक ही संख्या खूप वेगळी असते. गरोदरपणाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास नव्या गाळण्या बनणे थांबते. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर एकही नवी मिळत नाही. कमी गाळण्या घेऊन जन्मलेल्या माणसात प्रत्येकीवर जास्त भार पडतो, आणि रक्तदाब व मूत्रपिंडाच्या आजाराची शक्यता वाढते. स्त्रीबीजांचेही तसेच. मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असताना तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात, जन्मताना दहा-वीस लाख, आणि पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. म्हणजे पाळी केव्हा जाईल याची सुरुवातीची शिल्लक ती आजीच्या काळजीत असताना, आईच्या पोटातच ठरते.

पुण्याची बाळे

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काम इंग्लंडचे नाही, पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा आणि त्यांना झालेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या जवळ होते, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथवर काही नवे नव्हते. भारतीय बाळे लहान असतात हे सर्वांना माहीत होते.

नवे होते ते पुढचे मोजमाप. ही बाळे सगळ्याच बाबतींत सारख्या प्रमाणात लहान नव्हती. पोटाचा घेर आणि स्नायू खूप कमी, पण पाठीवर त्वचेखाली मोजलेली चरबी जवळजवळ टिकून. वजनाला हलकी, तरी चरबीने भरलेली. याला ‘थिन-फॅट’ बाळ असे नाव पडले. म्हणजे आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले असा जो मध्यमवयीन पुरुष सर्रास दिसतो, त्याची आवृत्ती प्रसूतिगृहातच तयार असते.

याज्ञिक यांनी स्वतःचे आणि लंडनचे त्यांचे मित्र प्रा. जॉन युडकिन यांचे शरीर मोजून २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर विश्वास ठेवून निर्धास्त राहणाऱ्या प्रत्येक भारतीयाने हे आकडे एकदा तरी वाचावेत. बारीक असूनही शुगर का झाली, या प्रश्नाचे मोठे उत्तर त्यात आहे. याच कारणाने आपल्याकडे जादा वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ ला धरतात, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगतात.

त्या खेड्यांमध्ये आणखी दोन गोष्टी दिसल्या. आईने किती उष्मांक खाल्ले यापेक्षा ती दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाते याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध होता. आणि शेतातले काम, विहिरीवरून पाणी आणणे अशी अंगमेहनत गरोदरपणातही जास्त करावी लागणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती. ‘आमच्या वेळी आम्ही नवव्या महिन्यापर्यंत शेतात राबत होतो’ हे सुनेला अभिमानाने सांगणाऱ्या सासूबाईंनी ही दुसरी बाब जरूर लक्षात घ्यावी. बाळ कमी वजनाचे झाले की बोट आईकडे जाते. ती काय खाते, किती उचलते, केव्हा झोपते, हे मात्र घरातले इतर लोक ठरवत असतात.

जनुक तेच, पण चालू की बंद?

पोषण कमी पडल्याने जनुके बदलत नाहीत. बदलते ते जनुकांवरचे नियंत्रण. डीएनएच्या धाग्यावर ठरावीक जागी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात आणि साधारणपणे त्या जनुकाचा आवाज कमी होतो. यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशीत जनुके तीच असूनही दोन्ही वेगळ्या का, याचे उत्तर अशा खुणांमध्ये आहे. या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भयंकर उपासमार झाली. दिवसाचे रेशन चारशे ते आठशे कॅलरींवर आले. त्या काळात गर्भधारणा झालेल्यांची सुमारे साठ वर्षांनी तपासणी केली, तेव्हा वाढीशी संबंधित आयजीएफ२ या जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्या उपासमार न सोसलेल्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. सहा दशकांनंतरही खूण पुसली गेली नव्हती.

मिथाइल गट तयार करण्याच्या साखळीत दोन जीवनसत्त्वे लागतात, फोलेट आणि बी१२. उंदरांवरील २००३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात गाभण मादीला ही जीवनसत्त्वे आणि सोबत कोलीन व बीटेन जास्त दिल्यावर, पिवळ्या व लठ्ठ होण्याची प्रवृत्ती देणारे जनुक असलेल्या पिल्लांत तपकिरी रंगाची पिल्ले वाढली. जनुक तेच, रंग वेगळा.

इथे महाराष्ट्राचा प्रश्न येतो. बी१२ वनस्पतींमध्ये जवळजवळ नसतेच. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पुण्याच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी१२ कमी होते, तर फोलेटची कमतरता क्वचितच. ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हे वाचून कृपया फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नका. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, आणि ती नीट बंद व्हावी म्हणून गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड हवेच. तिच्या जोडीला बी१२ ही पुरेसे आहे ना, एवढे पाहायचे आहे.

त्याच खेड्यांतील मुले किशोरवयात आल्यावर त्यांना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहिले गेले. बाळांचे जन्मवजन वाढले नाही. पण त्यांच्या नाळेच्या रक्तातले बी१२ वाढले आणि पुढे बौद्धिक विकासाच्या काही चाचण्यांत ती मुले सरस ठरली. मुंबईच्या वस्त्यांमधील एका प्रयोगात स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला रोजचा एक खाऊ दिला. सरसकट सर्वांच्या बाळांचे वजन वाढले नाही, मात्र किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत थोडे वाढले. गरोदरपणातील मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के स्त्रियांनाच झाला. माझ्या मते यातला खरा धडा वेळेचा आहे. आपल्याकडे पहिली तपासणी दोन-तीन पाळ्या चुकल्यावर होते, आणि तोवर अवयवांची रचना बरीचशी उरकलेली असते.

जन्मानंतरची दोन वर्षे आणि पुढची घाई

लहान जन्मलेले बाळ लवकर गुटगुटीत व्हावे असे प्रत्येक आजीला वाटते. यात काळजी घ्यायला हवी. दिल्लीत जन्मापासून मोजमापे ठेवलेल्या १,४९२ तरुणांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. २६ ते ३२ या वयात ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती, ते दोन वर्षांचे असताना सडपातळ होते आणि त्यानंतर त्यांचा बीएमआय भराभर वर चढत गेला होता. बाराव्या वर्षी त्यांच्यातला एकही लठ्ठ म्हणण्याजोगा नव्हता. म्हणजे शाळेच्या फोटोत ती मुले अगदी ठीकठाक दिसत होती.

पहिल्या दोन वर्षांत वजन आणि उंची दोन्ही वाढणे चांगलेच. सहा महिने फक्त आईचे दूध, मग मऊ वरणभात, भाकरी कुस्करून, अंडे, भाज्या, फळे, आणि दूध चालूच. त्यानंतर उंची मागे आणि वजन पुढे असे होऊ लागले की थांबून पाहावे. बिस्किटे आणि पाकिटातले गोड पदार्थ देऊन भरलेले वजन स्नायूंचे नसते.

एक धोक्याची खूण इथेच सांगतो. आईमध्ये बी१२ खूप कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. सहा ते अठरा महिन्यांचे, मुख्यतः अंगावरच्या दुधावर असलेले बाळ फिकट, सुस्त झाले, हसणे-बसणे विसरू लागले किंवा हातपाय थरथरू लागले, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. वेळेवर उपचार मिळाले तर सुधारणा होते, उशीर झाला तर मेंदूच्या विकासात कसर राहू शकते.

शरीराचे वय वेगळे असते का?

जन्मतारखेवरून येणारे वय सर्वांचे एकाच गतीने वाढते. शरीराचे तसे नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या एक हजाराहून अधिक जणांना आजवर नियमित तपासले जात आहे. सगळे ३८ वर्षांचे असताना मूत्रपिंड, फुप्फुसे, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशा मापांवरून काढलेले त्यांचे जैविक वय २८ पासून ६१ पर्यंत पसरलेले होते. ज्यांचे बालपण गरिबीत, मारहाणीत किंवा दुर्लक्षात गेले होते आणि ज्यांची लहानपणची तब्येतही नाजूक होती, त्यांची झीज सरासरीने जास्त वेगाने होत होती.

वय मोजायच्या आणखी पद्धती आहेत. २०१३ साली स्टीव्ह होर्वाथ यांनी डीएनएवरील ३५३ जागांच्या मिथाइल खुणांवरून वय ओळखणारे ‘घड्याळ’ तयार केले. गुणसूत्रांच्या टोकांना असणारे टेलोमिअर पेशी विभागताना आखूड होत जातात, त्यांची लांबीही मोजतात. टेलोमिअरच्या संशोधनाला २००९ चे नोबेल मिळाले. संशोधनासाठी ही साधने मोलाची आहेत. पण हजारो रुपये घेऊन ‘तुमचे खरे वय ४७’ असे सांगणारी पाकिटे आता विकली जातात, त्यावर खर्च करू नका असेच मी सांगेन. एकाच माणसाचे वय दोन घड्याळे वेगवेगळे दाखवतात, आणि कोणताही आकडा आला तरी तुम्हाला दिला जाणारा सल्ला बदलत नाही. अमेरिकेतील एका काटेकोर प्रयोगात दोन वर्षे आहारातले उष्मांक कमी करून झिजेची गती जेमतेम दोन ते तीन टक्क्यांनी मंदावली. वय दहा वर्षांनी मागे नेणाऱ्या जाहिराती वाचताना हा आकडा आठवावा.

मग तुमच्यासाठी याचा उपयोग काय?

तुमचे स्वतःचे जन्मवजन आईला विचारा. अडीच किलोपेक्षा कमी असेल, किंवा आईला गरोदरपणी मधुमेह झाला असेल, तर ती माहिती तुमच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये असायला हवी. वजनाची नोंद नसेल तर ‘सातव्या-आठव्या महिन्यात झाला’, ‘काचेच्या पेटीत ठेवले होते’ अशा आठवणीही चालतात. अशा व्यक्तीने, आणि ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे त्यांनी, तिशीपासून दरवर्षी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी आणि कंबरेचा घेर तपासावा. वजन वाढलेले असेल तर त्याआधीच. तुमच्याकडे स्नायू कमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून फक्त चालणे पुरेसे धरू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर, बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम करा, आणि डाळ, कडधान्ये, दही, अंडी यांतले प्रथिन प्रत्येक जेवणात येऊ द्या. गाळण्या वाढवता येत नाहीत, पण त्यांच्यावरचा भार कमी ठेवता येतो. त्यासाठी मीठ आवरते घ्या आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने खाऊ नका.

मूल होऊ द्यायचे ठरवत असाल तर तपासणी आधी, किमान तीन महिने. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी१२, सिकलसेल-थॅलेसेमियासाठीची चाचणी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने पुन्हा दाखवले आहे, तेव्हा ‘मला काही होत नाही’ यावर विसंबू नये. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी किंवा पीसीओएससाठी मेटफॉर्मिन घेत असाल, ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील, तर बी१२ कमी असण्याची शक्यता अधिक. गर्भ राहिल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी साखरेची तपासणी चुकवू नका. ती १४० किंवा जास्त आली तर पुढचे उपचार ठरतात, आणि बाळंतपणानंतर साखर उतरली तरी दरवर्षी तपासत राहावे लागते.

घरात सरकारी दवाखान्याचे माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर ते मूल शाळेत गेल्यावर रद्दीत टाकू नका. त्यातले जन्मवजन, दर महिन्याचे वजन आणि लसींच्या नोंदी तुमच्या मुलाला किंवा मुलीला तिशीत उपयोगी पडतील. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि मूळ कार्ड जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये लावा.